नव्या वहिनींचे डोळे

रवींद्रनाथ ठाकूर म्हटले की शुभ्र दाढी, पायघोळ झगा आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक आपल्या डोळ्यांसमोर येते. कवी, कथाकार, नाटककार, गीतकार, शांतिनिकेतनचे संस्थापक ही त्यांची रूपे महाराष्ट्राला चांगली परिचित आहेत. पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या लेखकाने उतारवयात बंगाली शिकून, शांतिनिकेतनात राहून हा परिचय अधिक जिव्हाळ्याचा केला. रवींद्रनाथांचे चित्रकार हे रूप मात्र आपल्याकडे तुलनेने उपेक्षितच राहिले. वास्तविक आयुष्याच्या अखेरच्या तेरा-चौदा वर्षांत या माणसाने दोन हजारांहून अधिक चित्रे काढली. हा आकडा एखाद्या पूर्णवेळ चित्रकारालाही थक्क करणारा आहे, आणि ती काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे गेलेले होते.

या चित्रांत विचित्र पक्षी आहेत, कोणत्याही प्राणिशास्त्रात न सापडणारी जनावरे आहेत, संध्याकाळच्या पिवळ्या उजेडातली झाडे आहेत. परंतु त्यांत एक चेहरा पुन्हा पुन्हा भेटत राहतो. लांबट, अंडाकृती मुख, डोक्यावरून घेतलेला पदर, मागे दाट काळोख आणि त्या काळोखातून आपल्याकडे पाहणारे दोन मोठे, जड पापण्यांचे, काहीसे खिन्न डोळे. अंगावर दागिना नाही, ओठांवर हसू नाही. चित्राखाली शीर्षकही नाही. ही स्त्री कोण? रवींद्रनाथांनी या प्रश्नाचे उत्तर चित्रावर कधी लिहिले नाही. पण आयुष्याच्या संध्याकाळी ते त्यांनी आपल्या एका चित्रकार सहकाऱ्यापाशी बोलून दाखवले. ते उत्तर समजून घ्यायचे तर त्या चित्रांच्या साठ वर्षे मागे, कलकत्त्याच्या जोडासांको भागातील ठाकूरवाड्यात जावे लागते.

जोडासांकोची सून

महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांचा हा वाडा म्हणजे एक लहानसे गावच होते. मुले, सुना, जावई, नातवंडे, आश्रित आणि नोकरचाकर यांनी तो गजबजलेला असे. ७ मे १८६१ रोजी जन्मलेला रवी हा या मोठ्या कुटुंबातील शेंडेफळांपैकी एक. वडील बहुधा हिमालयात किंवा प्रवासात, आई शारदादेवी सततच्या आजारपणाने थकलेली. त्यामुळे या मुलाचे बालपण गेले ते नोकरांच्या ताब्यात, घराच्या बाहेरच्या भागात. अंतःपुर, म्हणजे स्त्रियांचे दालन, त्याच्यासाठी दूरचा प्रदेश होता.

१८६८ च्या जुलै महिन्यात या घरात एक नवी सून आली. रवीपेक्षा बारा वर्षांनी मोठे असलेले त्याचे भाऊ ज्योतिरिंद्रनाथ यांची ही वधू. सासरी तिचे नाव कादंबरी ठेवण्यात आले. वधू नऊ वर्षांची, धाकटा दीर सात वर्षांचा. बंगाली घरात या नात्याला ‘नतून बौठान’ म्हणजे नव्या वहिनी असे संबोधन मिळाले आणि ते कायमचे चिकटले. सावळा वर्ण, हातांत सोन्याच्या नाजूक बांगड्या आणि भोवती एक अपरिचित जग घेऊन आलेली ती मुलगी पाहून आपल्याला काय वाटले, ते रवींद्रनाथांनी सत्तरी ओलांडल्यावरही लिहून ठेवले आहे. जवळ जावे असे वाटे, पण धीर होत नसे.

तो धीर हळूहळू आला. १८७५ मध्ये शारदादेवींचे निधन झाले तेव्हा रवी चौदा वर्षांचाही नव्हता. आईवेगळ्या झालेल्या या मुलांच्या जेवणाखाण्याची, दुखण्याखुपण्याची आणि समजूत घालण्याची जबाबदारी घरातल्या या सर्वांत धाकट्या सुनेने आपल्याकडे घेतली. ती स्वतः तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती. शाळेतून परतलेल्या दिराला तिच्या हातचा शिळा भात आणि कोळंबीची भाजी म्हणजे मेजवानी वाटे. उन्हाळ्यातल्या दुपारी तो तिला ‘बंगदर्शन’ मासिकात क्रमशः येणाऱ्या बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्या वाचून दाखवी आणि ती हातपंख्याने वारा घेई. त्या वाऱ्याचा वाटा वाचणाऱ्यालाही मिळे.

कादंबरीदेवींचे साहित्यप्रेम हे निव्वळ विरंगुळ्यापुरते नव्हते. त्यांची जाण चोखंदळ होती. कवी बिहारीलाल चक्रवर्ती यांच्या कवितेवर त्यांचा जीव होता आणि त्यांच्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने एक आसन विणून दिले होते. आपला दीर कविता करतो याचे त्यांना अप्रूप होते, पण ते त्या तोंडावर कधी कबूल करीत नसत. बिहारीलालांसारखे लिहिणे तुला कधीच जमायचे नाही, असेच त्या सांगत राहिल्या. घराच्या गच्चीवर कुंड्यांतून त्यांनी बाग उभी केली होती. संध्याकाळी तेथे सतरंजी अंथरली जाई, ज्योतिरिंद्रनाथ व्हायोलिन वाजवीत आणि रवी गात असे. या तिघांच्या मैफलीतच एका कवीचा कंठ फुटला. हा कवी आपले लिखाण सर्वप्रथम कोणाला दाखवावे याचा विचार करी, तेव्हा त्याच्या मनात एकच वाचक असे, आणि ती वाचक सहजासहजी शाबासकी देणारी नव्हती.

मुंबईतला मुक्काम

या कथेला मुंबईचाही एक धागा आहे. रवींद्रनाथांचे दुसरे बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत शिरलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात होती. रवीला विलायतेला पाठवण्याचे ठरले, तेव्हा त्याचे इंग्रजी आणि इंग्रजी रीतिरिवाज सुधारावेत म्हणून १८७८ मध्ये त्याला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवण्यात आले. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे हे बंधू, आणि १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक संस्थापक. त्यांची कन्या अन्नपूर्णा, घरच्यांची ॲना, विलायतेहून शिकून आलेली होती. तिने या सतरा वर्षांच्या लाजऱ्या बंगाली मुलाला इंग्रजी संभाषणाचे धडे द्यायचे होते.

धडे किती झाले हे सांगणे कठीण, पण स्नेह झाला. रवीने तिला ‘नलिनी’ असे नाव दिले आणि ते नाव एका गीतात गुंफून तिला ऐकवले. ॲनाने त्याच्याकडे एक मागणे मागितले होते. त्याने कधीही दाढी वाढवू नये, म्हणजे त्याच्या चेहऱ्याची रेषा झाकली जाणार नाही. पुढे ॲनाचा विवाह हॅरोल्ड लिटलडेल या शिक्षकाशी झाला आणि १८९१ मध्ये एडिंबरो येथे तिचे अकाली निधन झाले. रवींद्रनाथांनी तिचे मागणे पाळले नाही हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण ऐंशीच्या उंबरठ्यावर लिहिलेल्या ‘छेलेबेला’ या बालपणाच्या आठवणींत त्यांनी तो प्रसंग हळुवारपणे नोंदवून ठेवला. माणसे गेली तरी त्यांच्या चेहऱ्याच्या, बोलण्याच्या खुणा या मनात किती ताज्या राहत, याचा हा एक पुरावा. पुढे चित्रांच्या बाबतीत तोच महत्त्वाचा ठरणार होता.

विलायतेत दीड वर्ष काढून रवींद्रनाथ कोणतीही पदवी न घेता १८८० मध्ये परतले. त्यानंतरचा काळ ज्योतिरिंद्रनाथ आणि कादंबरीदेवी यांच्या सहवासातला, कदाचित त्यांच्या तारुण्यातला सर्वांत सुखाचा. चंद्रनगरला गंगेकाठच्या बंगल्यात तिघांनी एकत्र दिवस काढले. पुढे कलकत्त्यातील सदर स्ट्रीटवरच्या घरात तिघे राहत असतानाच एका सकाळी झाडांमागून उगवणारा सूर्य पाहून रवींद्रनाथांना तो प्रसिद्ध साक्षात्कार झाला आणि ‘निर्झरेर स्वप्नभंग’ ही कविता अवतरली. या वर्षांतल्या त्यांच्या पुस्तकांच्या अर्पणपत्रिकांत एक आडनाव नसलेली, कधी केवळ अद्याक्षराने सुचवलेली स्त्री पुन्हा पुन्हा येते.

एप्रिल १८८४

९ डिसेंबर १८८३ रोजी रवींद्रनाथांचा विवाह झाला. ठाकूरांच्या जमीनदारीतील एका कर्मचाऱ्याची अल्पवयीन मुलगी भवतारिणी ही वधू, सासरचे नाव मृणालिनी. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल १८८४ मध्ये, कादंबरीदेवींनी अफू घेऊन जीवन संपवले. त्यांना पंचविसावे वर्षही पूर्ण झालेले नव्हते.

कारण काय घडले, याबद्दल तेव्हापासून आजतागायत तर्क लढवले जात आहेत. पतीचे व्याप आणि अनुपस्थिती, मूल नसल्याचे शल्य, जिला पोटच्या मुलीसारखे सांभाळले त्या लहानग्या भाचीचा अपघाती मृत्यू, भरल्या घरातले एकाकीपण आणि एकमेव सोबती असलेल्या दिराचा विवाह अशी अनेक कारणे चरित्रकारांनी पुढे केली. प्रतिष्ठित घराण्याने या प्रकरणावर पडदा टाकला आणि तो पुरेसा जाड होता. आज प्रामाणिकपणे इतकेच म्हणता येते की एक बुद्धिमान, संवेदनशील तरुणी त्या घरात एकटी पडली आणि तिचे एकटेपण वेळेवर कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्या लक्षात आले नाही ही बोच रवींद्रनाथांना किती खोल लागली असेल, ते त्यांच्या पुढच्या साऱ्या लेखनावरून ताडावे लागते.

त्यांनी शोक जाहीरपणे मांडला तो अठ्ठावीस वर्षांनी, ‘जीवनस्मृती’ या १९१२ मधील आत्मचरित्रात. त्यातील मृत्यूविषयीच्या प्रकरणात कोणाचा मृत्यू हे त्यांनी सांगितलेच नाही. आईच्या मृत्यूने आपल्याला फारसे समजले नव्हते, पण चोविसाव्या वर्षी मृत्यूशी जी ओळख झाली ती कायमची, एवढेच ते नमूद करतात. झाडे, माती, सूर्य, चंद्र सारे जागच्या जागी होते आणि या सर्वांहून अधिक खरे वाटणारे एक माणूस मात्र एका क्षणात नाहीसे झाले, या विसंगतीने ते चक्रावून गेले. त्या दिवसांत धोतरावर एक जाडीभरडी चादर पांघरून आणि पायांत सपाता घालून ते कलकत्त्याच्या थॅकर कंपनीच्या दुकानात पुस्तके घ्यायला जात. पावसाळा असो की थंडी, तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात उघड्यावर झोपत. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटला.

दुःख कामाला लागले होते. ‘भानुसिंह ठाकुरेर पदावली’ हे पुस्तक १८८४ मध्येच निघाले. ते छापावे असा आग्रह कादंबरीदेवींनी धरला होता, पण ते पाहायला त्या उरल्या नव्हत्या. १९०१ मधील ‘नष्टनीड’ या दीर्घकथेत वृत्तपत्राच्या व्यापात बुडालेला पती, साहित्यवेडी एकाकी पत्नी आणि लेखक होऊ घातलेला तरुण दीर असा त्रिकोण आला. सत्यजित राय यांनी १९६४ मध्ये या कथेवरून ‘चारुलता’ हा चित्रपट केला आणि तो जगभर गाजला. कथा ही चरित्राची नक्कल नव्हे, हे मान्य करूनही तिच्यातली गच्ची, ती दुपार आणि ते वाचन कोठून आले हे लपत नाही.

भिंतीवरचे छायाचित्र

मधल्या काळात मृत्यू या घराचा नेहमीचा पाहुणा झाला. १९०२ मध्ये पत्नी मृणालिनीदेवी, पुढच्याच वर्षी कन्या रेणुका, १९०५ मध्ये वडील, १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्रनाथ असे एकामागून एक आघात झाले. इतक्या मृत्यूंच्या गर्दीत तीस वर्षांपूर्वीचा एक चेहरा पुसट व्हावा, हेच स्वाभाविक होते.

तसे झाले नाही. १९१४ च्या शरद ऋतूत रवींद्रनाथ अलाहाबादला एका नातलगाच्या घरी उतरले होते. तेथे त्यांनी एक छायाचित्र पाहिले आणि ‘बलाका’ संग्रहातील ‘छबि’ ही कविता लिहिली. ते छायाचित्र कादंबरीदेवींचे होते असे बहुतेक अभ्यासक मानतात. काही जण ते मृणालिनीदेवींचे असावे असेही म्हणतात. कवितेचा विषय चित्र हाच आहे. हे चित्र म्हणजे रेषांत अडकलेली स्थिर आकृती केवळ, की ती व्यक्ती अजूनही पाहणाऱ्याच्या आत हिंडते-फिरते आहे, असा प्रश्न कवी करतो. आणि विस्मरण म्हणजे नाहीसे होणे नव्हे, जे डोळ्यांसमोरून गेले ते डोळ्यांच्या आत वस्तीला आले, अशा निष्कर्षाला येतो. कवीने हा विचार मांडला तेव्हा आपण स्वतः कधी चेहरे रंगवू हे त्याच्या स्वप्नातही नव्हते.

योगायोग असा की ज्या वर्षी ही कविता लिहिली गेली, त्याच वर्षी, १९१४ मध्ये, ज्योतिरिंद्रनाथांनी पेन्सिलीने काढलेल्या व्यक्तिचित्रांचा एक निवडक संग्रह विल्यम रोथेनस्टाइन या इंग्रज चित्रकाराच्या प्रस्तावनेसह इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. ज्योतिरिंद्रनाथ समोर बसलेल्या माणसाचे हुबेहूब रेखाटन करीत. नजर कागदावरून माणसाकडे आणि माणसाकडून कागदाकडे जाई. धाकट्या भावाची वाट नेमकी उलटी असणार होती. त्याच्यासमोर कोणी बसणार नव्हते.

खोडलेल्या ओळींतून चित्र

चित्रकलेची ओढ रवींद्रनाथांना तरुणपणापासून होती. १८९३ मध्ये पुतणी इंदिरादेवींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या कलेकडे आपण विफल प्रियकरासारखे पाहत राहतो, असा सूर लावला आहे. हाताला शिस्त लावण्याचे वय निघून गेले, असे त्यांचे मत झाले होते. पुतणे अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ नामांकित चित्रकार झाले. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार तेथे शिकवू लागला. संस्थापक मात्र स्वतः हातात कुंचला धरायला धजावला नव्हता.

त्यांची चित्रकला जन्मली ती खाडाखोडीतून. हस्तलिखितात खोडलेले शब्द त्यांना डोळ्यांत खुपत. ती खोड नुसती राहू नये म्हणून ते तिच्याभोवती रेषा फिरवीत, दोन खोडी जोडीत आणि त्यातून एखादा पक्षी, मगर किंवा मुखवटा आकार घेई. १९२४ मध्ये पेरूला जाताना वाटेत आजारी पडल्यामुळे त्यांना अर्जेंटिनात थांबावे लागले. ब्वेनोस आयरेसजवळ सान इसिद्रो येथे व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने त्यांची व्यवस्था केली. ‘पूरबी’ या संग्रहाची वही त्या काळात तयार होत होती. तिच्यातल्या या खाडाखोडीच्या आकृत्या ओकाम्पोने पाहिल्या आणि ती भारावून गेली. याच ओकाम्पोने पुढे धावपळ करून २ मे १९३० रोजी पॅरिसच्या पिगाल दालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरवले. त्याच वर्षी बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन, म्युनिक, कोपनहेगन, जिनिव्हा, मॉस्को आणि अमेरिकेतील शहरांत ही चित्रे लागली. बर्लिनच्या राष्ट्रीय कलादालनाला पाच चित्रे मिळाली. १९३७ मध्ये नाझी राजवटीने आधुनिक कलेविरुद्ध जी मोहीम उघडली, तिच्यात तीही भिंतीवरून उतरवली गेली. कलकत्त्यात प्रदर्शन झाले ते १९३१ च्या अखेरीस, म्हणजे परदेशानंतर.

त्यांची पद्धत शाळेत शिकवली जाते तशी मुळीच नव्हती. आधी कच्चे रेखाटन नाही, समोर नमुना नाही. बाटलीतली रंगीत शाई, लेखणी, तिचे उलटे टोक, चिंधी, वेळप्रसंगी बोट ही त्यांची साधने. रंगावर रंगाचे थर चढत आणि बहुतेक चित्र एका बैठकीत पुरे होई. लाल-हिरव्या रंगांतला भेद ओळखणे त्यांना अवघड जात असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्यांच्या चित्रांतला तो तपकिरी-काळसर अंधार त्यातूनही आला असेल. नाव देण्याला त्यांचा ठाम विरोध होता. १९४० मधील ‘चित्रलिपी’ या संग्रहात त्यांनी चित्रांना शीर्षकांऐवजी लहानशा कवितांची जोड दिली.

आठवणीने काढलेले चेहरे

आता प्रश्न असा की समोर कोणी बसलेले नसताना, मनात आधी ठरवलेले नसताना, हात चालू लागतो तेव्हा तो कोणाकडे जातो? रवींद्रनाथांच्या बाबतीत तो एका विशिष्ट मुखाकडे जात राहिला. नंदलाल बोस यांच्यापाशी बोलताना त्यांनी याची उकल केली. चित्र काढायला बसले की नव्या वहिनींचे डोळे आपल्यापुढे येतात, आपण काढलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांमागे ते डोळे आहेत, अशा आशयाचे त्यांचे बोलणे चरित्रकार कृष्ण कृपलानी यांनी नोंदवले आहे. त्या वेळी कादंबरीदेवींना जाऊन अर्धशतक होत आले होते.

या कबुलीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी चेहरा म्हटले नाही, डोळे म्हटले. पन्नास वर्षांत माणसाच्या आठवणीतून पुष्कळ काही गळते. नाकाची ठेवण, जिवणीची वळणे, बांधा हे सारे धूसर होते. घरातली छायाचित्रे मदतीला असली तरी त्या काळची छायाचित्रे ताठ आणि निर्जीव. टिकते ती नजर, म्हणजे त्या व्यक्तीने आपल्याकडे कसे पाहिले ते. कविता ऐकताना मान न डोलावणारी, कौतुक राखून ठेवणारी ती नजर हीच या कवीच्या घडणीतली खरी गुरू होती. चित्रांतल्या स्त्रिया पाहणाऱ्याला सुखावत नाहीत, त्या त्याला पारखून घेतात, हे म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

दुसरी गोष्ट शब्दांविषयीची. रवींद्रनाथांनी हजारो गीते, कविता, कथा आणि निबंध लिहिले, तरी या एका व्यक्तीविषयी ते शब्दांत सतत आडवळणाने बोलले. अर्पणपत्रिकेत नाव टाळले, आत्मचरित्रात मृत्यू सांगितला पण माणूस सांगितले नाही, कथेत पात्रांची नावे बदलली. घराण्याची प्रतिष्ठा, भावाविषयीचा आदर, समाजाची नजर ही बंधने होतीच. शिवाय शब्द उच्चारला की त्याचा अर्थ लावला जातो, नात्याला नाव मागितले जाते. वहिनी, सखी, आईची जागा घेणारी, पहिली वाचक यांतले कोणते एक नाव त्या नात्याला पुरले असते? शीर्षक नसलेल्या चित्राला हा जाच नाही. तेथे ती नुसती असू शकते.

‘जीवनस्मृती’च्या आरंभीच त्यांनी स्मृतीविषयी एक मार्मिक विचार मांडला होता. स्मृती ही इतिहासकार नसून चित्रकार आहे. जे घडले ते ती जसेच्या तसे उतरवीत नाही, आपल्या आवडीप्रमाणे लहानाचे मोठे आणि मोठ्याचे लहान करते. हे लिहिताना ती केवळ उपमा होती. पंधरा-सोळा वर्षांनी ती त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी झाली. कादंबरीदेवींचे व्यक्तिचित्र काढायचे असे ठरवून त्यांनी ते काढलेच नाही. त्यांनी शाईचा एक डाग टाकला, त्याभोवती काळोख वाढवला आणि त्या काळोखातून स्मृतीने आपल्या मर्जीने जे वर आणले ते स्वीकारले.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. रवींद्रनाथांच्या प्रत्येक स्त्रीचित्राखाली कादंबरीदेवींचे नाव लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. तो त्या चित्रांवर आणि त्या स्त्रीवरही अन्याय आहे. काही चेहरे उघडच दुसरे कोणाचे आहेत, काही कोणाचेच नाहीत. त्यांनी स्वतःचे चेहरेही काढले. इतकेच नव्हे, तर विश्वभारतीच्या पत्रिकेवर छापलेल्या आपल्याच छायाचित्रांवर शाई फिरवून त्यांतून वेगळेच चेहरे, क्वचित स्त्रीचाही चेहरा, घडवला. ओळख कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, ही सीमारेषाच त्यांना पुसून टाकायची होती.

अखेरची वर्षे

सत्तरीनंतर कादंबरीदेवींची आठवण त्यांच्या लेखनात अधिक मोकळेपणाने येऊ लागली. १९३९ मधील ‘आकाशप्रदीप’ संग्रहात सावळ्या बालवधूचे घरातले आगमन आले, १९४० मधील ‘छेलेबेला’त गच्चीवरची बाग, दुपारचे वाचन आणि वहिनींची थट्टा आली. वाचताना असे वाटते की चित्रांनी आधी वाट करून दिली आणि शब्द तिच्यावरून मागाहून चालत आले. ज्या भीतीने किंवा संकोचाने लेखणी अडखळत होती, तो संकोच कुंचल्याने सैल केला. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, जेथे जन्म झाला त्याच जोडासांकोच्या वाड्यात, रवींद्रनाथांचे निधन झाले.

त्यानंतर या चित्रांचे नशीब पालटले. हयातीत अनेक भारतीय समीक्षकांनी ती म्हाताऱ्या कवीचा छंद म्हणून बाजूला सारली होती. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांची गणना राष्ट्रीय कलानिधीत केली, म्हणजे ती देशाबाहेर विकता येत नाहीत. जून २०१० मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात, इंग्लंडमधील डार्टिंग्टन ट्रस्टकडे असलेली त्यांची बारा चित्रे सुमारे सोळा लाख पौंडांना गेली. अर्जेंटिनाच्या मुक्कामात रवींद्रनाथांसोबत असलेले लेनर्ड एल्महर्स्ट हेच या डार्टिंग्टनचे संस्थापक होत. २०११ मध्ये, दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने, आर. शिवकुमार यांनी संपादित केलेली ‘रवींद्र चित्रावली’ चार खंडांत प्रसिद्ध झाली आणि प्रथमच हे काम एकत्र पाहता येऊ लागले.

कादंबरीदेवींच्या वाट्याला मात्र वेगळीच प्रसिद्धी आली. त्यांच्या मृत्यूवर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, २०१५ मध्ये त्यांच्या नावाचा बंगाली चित्रपटही निघाला. महापुरुषाच्या आयुष्यातले रहस्य म्हणून त्यांच्याकडे पाहणारे वाचक-प्रेक्षक भरपूर आहेत. त्यांनी स्वतः काय वाचले, कोणत्या कवितेला नाक मुरडले, कोणत्या ओळीवर त्या थबकल्या, हे सांगणारी त्यांच्या हातची कागदपत्रे जवळजवळ उरली नाहीत. एका मोठ्या वाड्याने आपल्या एका सुनेच्या खुणा पुसून टाकल्या. त्या वाड्यातल्या तिच्या धाकट्या दिराने त्या, आपल्याला जमतील तशा, परत मांडल्या. ते कौतुकाने मांडले, अपराधी भावनेने मांडले, की दोन्हींनी, हे आपण ठरवू शकत नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात किंवा शांतिनिकेतनच्या रवींद्रभवनात कधी जाणे झाले, तर त्या पदर घेतलेल्या चेहऱ्यांपुढे थोडा वेळ उभे राहावे. शेजारच्या पाटीवर नाव शोधू नये, कारण चित्रकाराने ते दिलेले नाही. ते डोळे बहुधा काही सांगणारही नाहीत. सांगण्यापेक्षा ऐकून घेणे आणि मग सहजासहजी दाद न देणे, हाच त्यांचा स्वभाव होता.